शेताचं आडनाव लावणारं गाव

फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या बोन शहरातून दक्षिणेकडे निघालं की थोड्याच वेळात प्युलिनी-माँराशे येतं. मधे चौक, भोवती दगडी घरं, आणि शेवटच्या घराच्या भिंतीला लागूनच द्राक्षाच्या ओळी सुरू. गाव मूळचं नुसतं प्युलिनी. 1879 साली त्यानं आपल्या सर्वांत गुणी शेताचं नाव स्वतःच्या नावापुढे जोडलं. शेतं गावाच्या नावानं ओळखली जातात. इथे गावानंच शेताचं आडनाव लावलं. माझा या गावावर जीव जडला तो यासाठी.

माँराशे म्हणजे जेमतेम 8 हेक्टर, 20 एकरांच्या आतबाहेर. त्यातही साधारण निम्मं शेजारच्या शासान्य गावच्या शिवारात. वाटण्या होत होत आज त्याला पंधराहून जास्त मालक. काहींच्या वाट्याला मोजक्याच ओळी.

उतार पूर्वेकडे, किंचित दक्षिणेकडे कललेला, म्हणून सकाळचं कोवळं ऊन थेट वेलींवर येतं. द्राक्षाची जात सगळीकडे एकच, शार्दोने. तरी वरच्या अंगाला, जिथे मातीचा थर पातळ आणि खाली चुनखडीचा खडक, तिथली वाईन, शेव्हालिए-माँराशे, काटक आणि तरतरीत. खालच्या वाटेपलीकडे माती खोल आणि चिकण. तिथली बातार-माँराशे अंगानं भरलेली. या दोघींच्या मधोमध माँराशे, दोन्हींचे गुण सांभाळणारी. आणखी खाली सपाटीला गावाच्या नावाची वाईन, त्याहीपुढे नुसती बर्गंडी. मधे एखादी गाडीवाट, नाहीतर कमी उंचीची दगडी भिंत. ती ओलांडली की बाटलीवरचं नाव बदलतं, मान बदलतो, मोलही बदलतं.

या सीमा एका दिवसात आखल्या गेल्या नाहीत. मेझिएरच्या मठातल्या सिस्टर्शियन साधूंनी मध्ययुगात इथे बागा राखल्या. पुढे पिढ्यान् पिढ्या माणसं त्याच बांधावरून फिरली, कुठलं द्राक्ष आधी पिकतं, कुठे पाणी साचतं, हे पाहत राहिली. 1937 साली माँराशेच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि 2015 साली बर्गंडीतल्या अशा बारीक आखलेल्या शेतांना युनेस्कोनं जागतिक वारसा मानलं. कागद उशिरा आले. ओळख फार जुनी.

ही ओळख हिवाळ्यात पाहावी. नाशिककडच्या बागेसारखा डोक्यावर मांडव इथे नाही. बुटके वेल, हेक्टरी सुमारे 10,000, इतके दाट की छाटणाऱ्याला सतत वाकूनच काम करावं लागतं. तो एक काडी निवडतो, तारेला आडवी बांधतो, शेजारी दोन डोळ्यांचा आखूड खुंट पुढच्या वर्षासाठी ठेवतो आणि बाकी सगळं कापतो. कापलेल्या काड्या तिथेच, चाकावरच्या लोखंडी पिंपात जाळतात. ते पिंप ओळीतून पुढे सरकतं आणि गारठलेले हात त्यावर शेकून घेतात. गावात जमिनीखालचं पाणी फार वर आहे, त्यामुळे खोल तळघरं खणता येत नाहीत. वाईन कुठे मुरवायची, हेसुद्धा इथे जमीनच ठरवते.

आणि कधीकधी ती काहीच देत नाही. 2016 च्या एप्रिलअखेरीस कोंब फुटलेले असताना एका रात्री पारा शून्याखाली गेला. पहाटेच्या उन्हानं गोठलेली कोवळी पालवी करपली. एरवी अशा गोठवणाऱ्या थंडीच्या तडाख्यातून सुटणारं माँराशेही त्या वर्षी सापडलं. सात घराण्यांच्या हाती इतकी थोडी द्राक्षं आली की वेगळी वाईन करणं कुणालाच परवडणारं नव्हतं. ही जगातल्या महागड्या बाटल्यांची घराणी, प्रत्येकाला आपापल्या हाताचा अभिमान. त्यांनी सगळी द्राक्षं एकत्र केली आणि त्यांच्यातल्याच लफ्लेव घराण्याच्या वाईनघरात सातजणांची मिळून एकच वाईन केली. दोन पिंपं, सुमारे 600 बाटल्या.

हिवाळे उबदार होत चाललेत, कोंब लवकर फुटतात आणि एप्रिलची थंडी त्यांना गाठते. 2021 साली पुन्हा तेच झालं. पेंढ्याचा धूर करणं, ओळींतून मेणबत्त्या लावणं, छाटणी लांबवणं, असे थोडेच उपाय शेतकऱ्याच्या हातात असतात. माँराशेला लोक श्रीमंतांची चैन म्हणतात, आणि तिची किंमत पाहता ते खोटं नाही. पण मला तिच्यात आधी शेती दिसते: 20 एकरांची ओळख पटवायला शतकं देणारी. ती ओळख टिकवायची तर नुसती मालकी पुरणार नाही. 2016 साली ते सातजण जसे एकमेकांचे शेजारी झाले, तसं पुन्हापुन्हा व्हावं लागेल.