आत्याची पुडी

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. मागच्या आठवड्यात गावी जाऊन आलो आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती आता लिहूनच टाकतो. घरातल्यांना ती अर्धीमुर्धी माहीत आहे, पण अर्धीमुर्धीच.

गाव म्हणजे घाटघर. भंडारदऱ्याजवळचं नव्हे, आमचं जुन्नर तालुक्यातलं, नाणेघाटाच्या तोंडाशी, जीवधनच्या पायथ्याला. ट्रेकवाली मंडळी आमच्या दारावरूनच जातात.

तर आत्याला काही वर्षांपूर्वी साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, त्या ती इमानेइतबारे घ्यायची. एका श्रावणात पहाटे ती अंथरुणातच बरळायला लागली. अंग घामाने भिजलेलं, डोळे भलतीकडेच. बाहेर धो धो पाऊस. जीप मिळवून तिला खाली दवाखान्यात न्यायला दीड तास लागला. साखर अडतीस! शिरेतून ग्लुकोज दिलं तशी दहा मिनिटांत उठून बसली आणि "मला हितं कशापायी आणलं?" म्हणून आमच्यावरच खेकसली.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "झाडपाला वगैरे घेता का काही?" विचारण्याचा सूर असा, की हो म्हणणाऱ्याला चोर ठरवणार. आत्या म्हणाली, नाही. गोळी अर्धी करून आम्ही परत आलो. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

या वेळी दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई बीएएमएस. आत्या शुद्धीवर आल्यावर त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, घरचं काय काय घेता ते सांगा बरं. आम्हाला पण कॉलेजात हिरडा-बेहडाच शिकवलाय." आत्याने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि कनवटीची पुडी काढून हातावर ठेवली. कडू चूर्ण. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर बसणाऱ्या एकाकडून घेतलेलं. रोज सकाळी अनशापोटी.

बाईंनी सांगितलं की अशा साखरेच्या चूर्णांत कधीकधी ॲलोपॅथीच्याच गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्यात. म्हणजे माणूस वरून एक गोळी घेतो आणि पुडीतून नकळत दुसरी. आत्याच्या पुडीत नेमकं काय होतं, ते कोणी तपासलं नाही. चूर्ण बंद केलं आणि पुन्हा तसं झालं नाही, एवढंच सांगता येतं.

मला खरा धक्का बसला तो वेगळाच. ही बाई अंधारात पान चुरगळून झाड सांगते. हिच्या हातचा काढा पिऊन आम्ही सगळे लहानाचे मोठे झालो. आणि हिने रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची पुडी घ्यावी? विचारलं तर म्हणाली, "आपल्या झाडपाल्याचं मला ठावं हाय. ह्यो साखरंचा आजार आपल्यात कवा हुता? त्याचं औषीद मला कुठनं ठावं असणार? आन् त्या पुडीवर छापील कागद हुता, दवाखान्यावानी."

यावर मी काय बोलणार!

आयुर्वेदाला आता मान्यता मिळतेय, असं हल्ली सारखं ऐकू येतं. खरंच आहे. २०१४ साली केंद्रात आयुषचं वेगळं मंत्रालय झालं. आपल्याकडे आडगावच्या आरोग्य केंद्रांत बीएएमएस डॉक्टर कित्येक वर्षं काम करताहेत. १०८ची रुग्णवाहिका २०१४ला आली, तिच्यातले डॉक्टरही बहुतेक बीएएमएसच. त्याच साली होमिओपॅथीवाल्यांसाठीही राज्याने कायदा बदलला : एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स करा आणि ॲलोपॅथीची औषधं लिहा. मग २०२० मध्ये आयुर्वेदातल्या पदव्युत्तर शल्यवैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी मिळाली आणि त्याविरुद्ध ११ डिसेंबरला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा देशभर बंद झाला.

या भांडणात माझं मत दर वेळी डळमळतं. पावसाळ्यात रात्री दोन वाजता कोणत्या पॅथीचा डॉक्टर आहे हे आम्ही विचारत नाही, आहे का, एवढंच विचारतो. पण मग हेही दिसतं की त्या केंद्रात बसलेला बीएएमएस डॉक्टर दिवसभर ॲलोपॅथीच्याच गोळ्या लिहितो. म्हणजे मान्यता मिळाली ती पदवीला. झाडपाल्याला मिळाली का? शहरवाल्यांना बारा आणि आमच्यासाठी एक असा हिशेब तर नाही ना, हाही संशय येतोच.

आणि झाडाचं म्हणाल तर ते तरी निर्धोक कुठे? करोनात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ साली मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणारे सहा रुग्ण नोंदवले, सगळ्यांचं यकृत बिघडलेलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, गुळवेल ओळखण्यातच चूक असेल म्हणाले. आत्याला सांगितलं तर म्हणे, "मंग वळखून का नाय घेतली?" सापाच्या बाबतीत मात्र ती कुठलीच पॅथी ऐकून घेत नाही. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊतांनी आमच्या भागात सर्पदंशावर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यामुळे घोणस चावली की झाडपाला नाही, लस, हे तिला पाठ आहे.

असो. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा अंगणभर बाळहिरडा वाळत पडला होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फळात आठळी धरायच्या आत, उन्हाळ्यात, तो काढायचा. उंच फांद्यांवर चढून, काठीने झोडपून. पडून हातपाय मोडणारे दर साली असतात. मग उन्हात टाकायचा, आठवडाभरात काळा, सुरकुतलेला होतो. मध्येच वळीव आला तर बुरशी धरते आणि भाव पडतो. निम्मं घर तेव्हा आभाळाकडे बघत असतं. जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात भात सोडलं तर रोख पैसा म्हणजे हिरडाच. आदिवासी विकास महामंडळ घेतं, नाहीतर व्यापारी. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात बापजाद्यांची झाडं आडवी झाली आणि भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. पुण्यात माझ्या घराखालच्या दुकानात त्रिफळाची बाटली दिसली की मला त्या फांद्या आठवतात. बाटलीवर ऋषींचं चित्र असतं.

आता आत्याचा दर महिन्याचा नेम झालाय. दवाखान्यात जाताना कापडी पिशवीत घरात असेल नसेल ते सगळं भरते : गोळ्यांची पाकिटं, हिरड्याची पूड, कसली तरी साल. बाईंच्या टेबलावर पिशवी उपडी करते. बाई एकेक बाजूला काढतात, हे चालेल, हे नको. मागच्या खेपेला एका सालीवर अडल्या. "ही कशाची हो मावशी?" आत्याने नाव सांगितलं, कुठे मिळते तेही सांगितलं आणि बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

परतताना आत्याने मला पसाभर हिरडा बांधून दिला. अर्धा माझा आणि अर्धा बाईंचा.