सरासरीचा भाव

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सोनगीरमध्ये झळाळी पाहून कोणी भांडे घेत नाही. ते हातात घेऊन जोखतात, टिचकी मारून नाद ऐकतात. मुलांच्या शाळेची पारख मात्र अनेक व्यापारी घरांत ऐकीव बोलण्यावरच होते. 'जळगावकडच्या शाळा बऱ्या, आपल्या धुळ्याकडच्या यथातथाच' हे वाक्य दुकानाच्या गादीवर सहज उच्चारले जाते.

त्याला आधारच नाही, असे नव्हे. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती. जळगावची ७८, धुळ्याची ७३ आणि नंदुरबारची ६४. परंतु या आकड्यात आजोबाही मोजलेले असतात; आजच्या वर्गाचा तो भाव नव्हे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा धुळ्याची सरासरी कागदोपत्री आपोआप उंचावली असणार. फळा, खडू आणि गुरुजी मात्र होते तेच राहिले.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये जिल्ह्यांची पहिली शैक्षणिक श्रेणी-सूची प्रसिद्ध केली. तीत ८३ निकषांवर ६०० गुण ठेवले होते. 'असर' पाहणीची रीत निराळी. तिचे कार्यकर्ते जिल्ह्यातील ३० गावांत प्रत्येकी २० घरी जाऊन मुलाच्या हाती दुसरीच्या पातळीचा उतारा देतात. एक मोजमाप व्यवस्थेचे, दुसरे मुलाच्या वाचनाचे. एकावरून दुसऱ्याचा निवाडा करणे हा एकान्तच. दोन्हींत न मावणारी गोष्टही आहे. खानदेशात अहिराणी बोलणारे, शिरपूरच्या सातपुड्यात पावरी बोलणारे मूल पहिल्या दिवशी पुस्तकी मराठीसमोर बसते, तेव्हा त्याची सुरुवातच काही पावले मागून होते. त्याला वाचते करणाऱ्या शिक्षकाचे श्रम जिल्ह्याच्या सरासरीत बुडून जातात.

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मंडळी घर घेताना आधी शाळेचा परिसर पाहतात. तेथे शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता-करातून चालतो. श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत होते. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे वेतन शासनाच्या तिजोरीतून येते; मग तो साक्रीच्या पाड्यावरचा असो वा धुळ्याजवळच्या गावातला. तरीही शेजारच्या दोन गावांच्या शाळांत जमीन-अस्मानाचे अंतर आढळते. याचे कारण पुष्कळदा रिक्त पद, अवेळी बदली आणि गावाचे लक्ष, या तीन गोष्टींत सापडते. न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्या धुळ्याच्या हर्षल विभांडिक यांनी जिल्ह्यातील शाळा डिजिटल करण्यासाठी गावोगाव सभा घेतल्या, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. पैसा गावातच होता. शाळेकडे वळलेले लक्ष नव्हते. अर्थात पडदा लावला म्हणजे वाचन आले, असे मात्र नाही.

सोनगीरमधील एका व्यापारी कुटुंबात हा प्रश्न यंदा नातीच्या पहिलीच्या प्रवेशावरून उभा राहिला. मुलगा धुळ्यात भाड्याचे घर पाहून आला होता. आजोबा गावच्या शाळेत शिकलेले, पण आठवणींवर सौदा करणारे नव्हेत. ते दोनदा शाळेत गेले. किती पदे भरली आहेत, हे त्यांनी विचारले. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. तेथे एक जागा रिकामी होती. मग तिसरीच्या मुलांना त्यांनी दुसरीचे पुस्तक वाचायला दिले. बहुतेकांनी ते अडखळत का होईना, पूर्ण वाचले. एका तांबटाच्या मुलीने तर पुढचे पानही मागितले.

घरी परतल्यावर सुनेने निराळाच मुद्दा काढला. "बाबूजी, आपण गेलो तर त्या रिकाम्या जागेसाठी अर्ज कोण लिहिणार?" कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. ज्याचे मूल शाळेत नाही, त्याला पालक म्हणून तेथे बसता येत नाही. देणगीची पाटी लावता येते, एवढेच. लिहिता-बोलता येणारी घरे एकेक करून निघून जातात, तेव्हा समितीत राहतात ते मजुरीचा दिवस बुडवून सभेला येणारे आई-बाप.

मुलाला हे पटले नाही. इंग्रजीचे काय, हा त्याचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे पुरते उत्तर कोणापाशी नव्हते. अखेर तिसरीपर्यंत नात गावातच शिकेल आणि इंग्रजी आई शिकवील, असे ठरले. धुळ्याच्या घरमालकाला तसा निरोप गेला. पालकसभेत समितीसाठी सुनेचे नाव सुचविले गेले, आणि रिक्त पदाचा पहिला अर्ज तिने त्याच आठवड्यात पंचायत समितीकडे पाठविला.