एक मिलिमीटर कोणाचा?

भाच्याच्या टेबलावर तो कॉम्प्युटर आता रोज चालतो. पण त्याच्या मागच्या पत्र्यावर कानशीचे ओरखडे दिसले की माझा राग पुन्हा वर येतो.

पेटी स्वतः घडवायची, हा त्याचा हट्ट. बाजूंना ३ मिमी अ‍ॅल्युमिनियम, पाठीला १.२ मिमीचा पत्रा, एका अंगाला काच. तिन्ही एकाच यंत्रावर कापून मिळावं म्हणून त्याने वॉटरजेट निवडला. भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मीही सोबत गेलो. साठेक हजार पीएसआय दाबाने पाणी बारीक छिद्रातून सुटतं, ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेग घेतं आणि वाटेत गार्नेटचा लालसर चुरा ओढून घेतं. कापतो तो खरं तर हा चुराच. लेझरसारखी आच नसल्याने पातळ पत्रा उष्णतेने वाकडा होत नाही. तयार कड हाताला बारीक पॉलिशपेपरसारखी लागते.

धार जिथून जाते तिथला साधारण १ मिमी धातू उडून जातो. त्याला कर्फ म्हणतात. धार रेषेच्या मधोमध चालली, तर भोक दोन्ही कडांना अर्धा-अर्धा मिलिमीटर मोठं होतं. म्हणून ती रेषेच्या कोणत्या अंगाने न्यायची हे आधी सांगावं लागतं. या सरकवण्याला ऑफसेट म्हणतात. भाच्याला हे ठाऊक होतं. फाइल पाठवण्यापूर्वी त्याने फोन करून विचारलं, ‘‘सर, ऑफसेट मी लावून देऊ, की तुम्ही लावता?’’ स्पीकर सुरू होता, मी शेजारीच बसलो होतो. पलीकडून स्वच्छ उत्तर आलं, ‘‘तुम्हीच लावून द्या.’’

त्याने रात्रभर बसून प्रत्येक रेषा सरकवली. पंख्याच्या स्क्रूंची ४.३ मिमीची भोकं ३.३ची केली. मदरबोर्डची सॉकेटं जिथून बाहेर डोकावतात तो मागचा चौकोन १५८.७५ बाय ४४.४५ मिमी हवा असतो, तो १५७.७५ बाय ४३.४५ काढला.

यंत्राच्या सॉफ्टवेअरने आपला ऑफसेट पुन्हा लावला, आणि फाइलमध्ये होते नेमके तेच आकार कापून आले. भोकं लहान, पत्रे मोठे. मागच्या चौकोनात सॉकेटांभोवतीची पट्टी, म्हणजे आयओ शील्ड, बसेना. वर्कशॉपचं म्हणणं एकच: फाइलप्रमाणे कापलंय. बिल पूर्ण घेतलं. फोन कोणी उचलला होता, हे विचारल्यावर ऑफिसातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय बदलला. पोराने विचारण्याची काळजी घेतली, उत्तर ऐकलं, त्याप्रमाणे केलं, आणि दोष त्याच्याच फाइलचा ठरला. मला हे अजूनही पटत नाही. ज्याला असं काम करून घ्यायचं असेल त्याने ‘आकार अंतिम, ऑफसेट लावलेला नाही’ असं ड्रॉइंगवरच लिहावं आणि होकार लेखी घ्यावा. फोनवरचा शब्द धरून बसू नये.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. चूक उलटी झाली असती, तर सगळे पत्रे भंगारात गेले असते. इथे सगळीकडे धातू जास्तच उरला होता. स्क्रूंची भोकं ड्रिलने दहा मिनिटांत मोठी झाली. चौकोनाच्या कडा मात्र भाचा तीन संध्याकाळी घासत बसला. चार फेऱ्या कानस, मग कॅलिपर, मग पुन्हा कानस. शेवटी शील्ड कट्‌ आवाज करून बसली तेव्हा त्याने मला हाका मारून वरच्या मजल्यावरून खाली बोलावलं.

त्या वर्कशॉपच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं मी तेव्हा म्हणालो होतो. काच मात्र तिथेच कापली. टफन केलेली काच कापायला गेलं तर तिचा चुरा होतो, म्हणून साधी ५ मिमीची नेली. टफनिंग नंतर दुसरीकडे करून घेतलं. वर्कशॉपच्या ऑपरेटरने भोक पाडताना दाब उतरवला, धार काचेतून आरपार गेल्यावरच वाढवला. एकही तडा गेला नाही. त्या माणसाचे हात फार चांगले आहेत. फोन त्याने उचलला नव्हता, हे मी त्याला विचारून घेतलं.