मुका के

आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला आली आणि तिच्या मागोमाग ‘क्नाईफ’ आला. स्पेलिंग चुकू नये म्हणून मनात आम्ही तसंच म्हणायचो; ‘वेड्नेसडे’ही. सरांपुढे मात्र ‘नाईफ’, ‘वेन्सडे’. लिहायचं एक नि बोलायचं भलतंच, ही लबाडी मला कधी पटली नाही.

आठवीच्या सुट्टीत मामाने मुंबईहून स्क्रॅबल आणलं. तोवर स्पेलिंग तोंडात असायचं, आता ते बोटांत आलं. पिशवीत शंभर सोंगट्या, त्यांतल्या दोन कोऱ्या. ई बारा, के एकच. हा हिशेब आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टचा. १९३०च्या दशकातल्या मंदीत हाताला काम नव्हतं, तेव्हा त्याने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली. नेहमीच्या अक्षरांना एक गुण, क्यू-झेडला दहा. एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर मी मामाच्या प्रत्येक शब्दाला शेपूट लावून जिंकलो असतो.

वाद डिक्शनरीवरून. तिच्यात ‘रोटी’ निघाली, चार गुण. ‘घी’ चक्क आठ. ‘पोळी’ नाही. आजी म्हणाली, ‘‘मग कसली मेली डिक्शनरी!’’

तो खोका अजून आहे. एक एच हरवला, त्याच्या जागी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा. हल्ली शेजारची चौथीतली मुलगी खेळायला येते. तिला इंग्रजी पहिलीपासून आहे, तरी परवा तिने एन-आय-एफ-ई मांडलं. सात गुण.

मी म्हटलं, ‘‘तुझ्याकडे के आहे ना? लाव पुढे.’’

तिने लावला. बोटांवर मोजलं. बारा.

‘‘काका, हा बोलत तर नाही. मग याला पाच कशाला?’’

मी बट्सचं वर्तमानपत्र सांगायला लागलो. तिचं लक्ष नव्हतं. पुढच्या डावात के पुन्हा तिच्याकडेच आला आणि तिने तो पट्टीच्या टोकाला जपून ठेवला. ‘नॉक’ करायचं होतं म्हणे, दोन के लागतात, एक कोरी सोंगटी येईलच. ती माझ्याकडे होती. डाव संपला, के तसाच राहिला आणि नियमाप्रमाणे तिचे पाच गुण कापले गेले.

‘‘पुढच्या वेळी,’’ ती म्हणाली, आणि के पिशवीत टाकायच्या आधी एकदा मुठीत धरला.