घरच्या संगणकाचा बॅकअप

घरचा संगणक म्हणजे सर्व्हर नव्हे. रात्री झोपताना आपण तो बंद करतो, गणपतीला गावी गेलो की आठवडाभर तो बंदच असतो. त्यामुळे क्रॉनला रात्री दोनची वेळ नेमून देण्याची सर्व्हरवरची रीत घरी निरुपयोगी ठरते. दोन वाजता यंत्र बंद असलं, तर क्रॉन ती पाळी सोडून देतो आणि नंतर भरूनही काढत नाही. मी लिनक्सवर सिस्टमडीचा टायमर लावतो आणि त्यात 'पर्सिस्टंट' चालू ठेवतो. मग चुकलेली पाळी सकाळी संगणक सुरू झाल्यावर आपोआप होते. ओळ एकच, पण माझ्या मते सगळी भिस्त तिच्यावर आहे.

प्रत काढायला आरसिंक. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकरस यांनी ते १९९६ साली आणलं, आणि मला आजही दुसरं काही लागत नाही. फाइलचा आकार आणि बदलाची वेळ पाहून जेवढं बदललं तेवढंच ते उचलतं. मात्र एकाच फोल्डरवर रोज प्रत चढवत राहणं धोक्याचं. आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग आज खराब झालं, तर उद्या बॅकअपमध्येही ते खराबच असणार. म्हणून दर दिवसाचा वेगळा फोल्डर हवा. 'लिंक-डेस्ट' हा पर्याय दिला की न बदललेल्या फाइली हार्ड लिंकने आदल्या दिवसाच्या प्रतीशी जोडल्या जातात. उघडून पाहावं तर प्रत्येक तारखेचा फोल्डर पूर्ण भरलेला. डिस्कवर जागा जाते ती फक्त नव्या आणि बदललेल्या फाइलींची. इतकी देखणी युक्ती मी या कामात दुसरी पाहिलेली नाही. त्यासाठी डिस्क ईएक्सटी-४ पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी; एक्सफॅटवर हार्ड लिंक होत नाहीत.

आता सर्वांत फसवी जागा. बाहेरची डिस्क जोडलेली नसली, तरी ती जिथे माउंट होते तो रिकामा फोल्डर संगणकावर असतोच. आरसिंक निमूटपणे त्यातच सगळं ओततं आणि काम झाल्याचं सांगतं. म्हणून टायमर जी स्क्रिप्ट चालवतो तिची पहिली ओळ 'माउंटपॉइंट' या आज्ञेची: डिस्क जागेवर नसेल तर तिथेच थांब आणि पडद्यावर तसं कळव.

पावसाळ्यात वीज कडाडते, विजेचा दाब उसळतो. कायम जोडून ठेवलेली डिस्क अशा वेळी संगणकासोबतच जाऊ शकते. दुसरी डिस्क एनक्रिप्ट करून बहिणीच्या नाहीतर मित्राच्या घरी ठेवावी आणि भेटीगाठीत बदलून आणावी.

एवढं झाल्यावर एक काम आजच करा. बॅकअपमधला एक जुना फोटो आणि एक रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरात परत आणा, उघडून पाहा, ऐका. आणि दर महिन्याला पुन्हा करा.