नऊ ताऱ्यांतले सात

सुरजागडच्या डोंगरातला दगड उचलला की मनगटाला त्याचं वजन जाणवतं. खडबडीत दगडावर घासला तर विटकरी रेघ उमटते. हे हेमॅटाइट. त्यातलं लोखंड मात्र पृथ्वीवर घडलेलं नाही. सूर्य जन्मण्याआधी मेलेल्या ताऱ्यांनी ते मागे ठेवलं.

ताऱ्यांचं मरणही एकसारखं नसतं. महाकाय तारे काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांतच फुटतात आणि ऑक्सिजन, मॅग्नेशियम भरभरून उधळतात. श्वेत बटूंचे, म्हणजे लहान ताऱ्यांच्या मागे उरलेल्या गाभ्यांचे, स्फोट बहुतेक उशिराने होतात. लोखंडाचा मोठा वाटा त्यांचा. त्यामुळे ताऱ्याच्या प्रकाशात मॅग्नेशियम आणि लोखंडाचं प्रमाण मोजलं, की त्याच्या आधी कोण कोण मरून गेलं ते कळतं. आपल्या आकाशगंगेत ही मरणं इतकी, की एकाची खूण वेगळी काढणं अवघड. बटू दीर्घिकेत, म्हणजे थोडक्याच ताऱ्यांच्या लहान दीर्घिकेत, ती निघते, आणि मला त्याचंच अप्रूप वाटतं. भामरागडच्या माडिया आदिवासींच्या गावाबाहेर मृतांच्या आठवणीत उभे केलेले दगड असतात. गाव लहान, म्हणून कुठला दगड कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक, तसंच हे.

जानेवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास भामरागडहून दक्षिणेकडे पाहावं. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमावर दिव्यांचा उजेड फारसा नसतो. डावीकडे अगस्त्य, उजवीकडे अग्रनद. त्यांच्या मधल्या काळोखात, क्षितिजाच्या थोडं वर, जालक तारकासमूहात ‘रेटिक्युलम-२’ ही अशीच एक बटू दीर्घिका आहे. अंतर सुमारे १ लाख प्रकाशवर्षं. नुसत्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नाही. तिचा शोध २०१५ चा. तिच्या ताऱ्यांत सूर्याच्या मानानं लोखंड शेकडो पटींनी कमी.

२०१६ साली ॲलेक्झांडर जी, ॲना फ्रेबेल आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या मॅगेलन दुर्बिणीनं तिचे सर्वांत तेजस्वी ९ तारे तपासल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांतल्या ७ ताऱ्यांत युरोपियमसारखी जड मूलद्रव्यं होती, तीही अशा इतर अतिमंद दीर्घिकांतल्या ताऱ्यांपेक्षा शेकडो पटींनी जास्त. एवढं सगळं एकाच दुर्मीळ घटनेतून आलं असावं, बहुधा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून. उरलेल्या दोन ताऱ्यांत युरोपियम सापडलं नाही. लोखंडही त्यांच्यातच सर्वांत कमी. ते बहुधा त्या टकरीआधीच जन्मले असावेत.