पेटीतला वास

बाबांनी अन्न सोडलं होतं. नाशिकच्या शीतगृहातल्या नोकरीवरून अकोल्याला येताना मी द्राक्षांची पेटी आणली. उघडताच बाबा म्हणाले, ‘‘काहून रे, दवाईवानी वास येते?’’

मी सांगितलं, शून्य अंशाच्या आसपास मण्यांचा श्वास मंदावतो, पेटीतल्या कागदातून गंधकाचा वायू सुटतो, म्हणून बुरशी धरत नाही.

‘‘आपल्या अढीतले आंबे तं घरभर घमघमत.’’

आंबा तोडल्यावरही पिकतो, द्राक्ष नाही. वेलीनं दिलं तेवढंच त्याचं. आम्ही ते फक्त टिकवतो.

आईनं मुकाट्यानं घड टोपलीत पसरून ओसरीवर ठेवले. संध्याकाळी गंधकाचा दर्प गेला, मण्यांचा गारठा उतरला. बाबांनी एक मणी हुंगला, खाल्ला. मग आणखी तीन. दोन दिवसांत पोटात गेलेलं तेवढंच. आई पदरानं डोळे पुसत आत गेली.